पक्का दात बसविण्याआधी जबड्याची मशागत



ऊस बिलाचा हप्ता हाती आला की घरातल्या वडीलधाऱ्यांची अडलेली कामे निघतात. हल्ली त्यात दात बसविण्याचे कामही असते. लातूर, नांदेड दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत, खाजगी दवाखानेही आहेत. जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावतात, त्यास इम्प्लांट म्हणतात. खर्च मोठा, म्हणून तो टिकेल का हे आधी पाहावे.

स्वीडनमध्ये डॉ. ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे असे स्क्रू बसविले. तो २००६ मध्ये वारला तोवर ते कामात होते. आज दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदांहून अधिक इम्प्लांट टिकलेले आढळतात. मग बाकीचे का जातात? बेणे कितीही चांगले असो, चोपण जमिनीत उगवण धरत नाही. तसेच हे आहे. दोष बहुधा स्क्रूचा नसतो, जबड्याच्या स्थितीचा असतो.

तंबाखू : बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण साधारण दुप्पट. रक्तपुरवठा घटतो, हाड स्क्रूला नीट धरत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू-चुना आणि मिश्री घरोघर आहेच. त्यानेही हिरड्या खराब होतात.

मधुमेह : साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांट चालतो. वाढलेली असेल तर जखम लवकर भरत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी आधी करावी.

हिरड्या : मूळचे दात हलून पडले असतील, तर तोच रोग स्क्रूभोवतीचे हाडही खातो. आधी हिरड्यांचा इलाज करावा, मगच इम्प्लांट.

झोपेत दात खाण्याची सवय, हाडे ठिसूळ झाल्याबद्दल चालू असलेली औषधे, तोंडाच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणोपचार, यातले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. नुसते वय मात्र आड येत नाही.

लागणीनंतर पीक वाऱ्यावर सोडले तर खोडवा काय येणार? दात बसल्यावरही रोज दोनदा ब्रश आणि दर सहा महिन्यांनी तपासणी हवीच. इम्प्लांटभोवती बिघाड झाला तरी सुरुवातीला बहुधा दुखत नाही. रक्त किंवा पू दिसला की त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

— ऊस विकास अधिकारी