शस्त्रक्रियेनंतरची आरोग्यसेवा : प्रोस्टेटचे उदाहरण

वृद्धांच्या लोकसंख्येत होणारी वाढ हे आरोग्य नियोजनापुढील एक महत्त्वाचे आव्हान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, तर तामिळनाडूत १०.४ टक्के होते. वयोमानानुसार पुरुषांमध्ये प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथीची वाढ होऊन मूत्रमार्गात अडथळा निर्माण होतो. औषधांनी आराम न पडल्यास मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा वाढलेला भाग काढला जातो.

या शस्त्रक्रियेत पोटावर छेद घ्यावा लागत नाही आणि रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचाच असतो. परंतु आतील जखम भरून येण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातही रक्तस्राव होऊ शकतो. वाढते वय, मधुमेह, रक्त पातळ ठेवणारी औषधे, मूत्रसंसर्ग आणि शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाळ तुंबलेली लघवी हे घटक प्रकृती सुधारण्याचा वेग मंदावतात. कर्करोगामुळे संपूर्ण ग्रंथी काढल्यास लघवीवरील नियंत्रण परत येण्यास अनेक महिने लागू शकतात व नियमित रक्ततपासणी आवश्यक ठरते.

सेवेचा वापर कशावर अवलंबून?

रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार आरोग्यसेवेचा वापर तीन घटकांवर अवलंबून असतो : वय, शिक्षण, समजुती यांसारखे पूर्वानुकूल घटक, उत्पन्न, विमा, अंतर यांसारखे साहाय्यक घटक, आणि प्रत्यक्ष गरज. तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातील तिरुक्करुगावूर हे गाव डोळ्यांसमोर आणा. गर्भरक्षाम्बिकेच्या मंदिरामुळे ते प्रसिद्ध आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील अशा गावातील वृद्ध शेतमजुराला फेरतपासणीसाठी कुंभकोणम किंवा तंजावर गाठावे लागते. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोजगार हा अप्रत्यक्ष खर्च उरतोच. संकोचापोटी तक्रार लपविली जाते ती वेगळीच. परिणामी गरज असूनही सेवा घेतली जात नाही आणि साधा संसर्ग गंभीर रूप धारण करतो.

धोरणात्मक प्रयत्न

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील रुग्णाच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण असून रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांचा वैद्यकीय खर्च त्यात समाविष्ट आहे. २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, योजनेत स्थान देण्यात आले. मात्र जखम भरण्याचा काळ १५ दिवसांहून मोठा आहे, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे.

ही पोकळी प्राथमिक आरोग्य यंत्रणाच भरून काढू शकते. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत रक्तदाब व मधुमेहाची औषधे आणि भौतिकोपचार घरपोच देण्याची तरतूद करण्यात आली. अशा गृहभेटींना शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याची जोड दिल्यास गुंतागुंत वेळीच ओळखता येईल. शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबरच घरी परतलेला रुग्ण पुन्हा कामाला लागला किंवा नाही, हाही आरोग्य योजनांच्या यशाचा निकष मानला गेला पाहिजे.