मोहीम संपल्यावर शाळेत काय उरतं?

नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता लोह्यावरून जातो. पुढे माळेगाव, अहमदपूर, चाकूर आणि मग लातूर. या रस्त्याच्या दोन टोकांनी महाराष्ट्राच्या शिक्षणाला दोन ‘पॅटर्न’ दिले. लातूरने परीक्षेची तयारी किती काटेकोर करता येते ते दाखवलं. नांदेडने परीक्षा खरी घेतली तर काय होतं ते दाखवलं. लोहा, कंधार, अहमदपूर या मधल्या पट्ट्यातल्या सरकारी हायस्कुलांना मात्र तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. वर्गात बसलेलं प्रत्येक मूल गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात थोडं पुढे कसं सरकेल? हा प्रश्न एका मोहिमेत सुटत नाही. तो दर महिन्याला नव्याने हाताळावा लागतो.

मराठवाड्यातल्या या हायस्कुलांची जन्मकथाच वेगळी आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा म्हटलं की आधी खासगी संस्था आठवतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था ही त्यातली सर्वांत मोठी. निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात शाळाच मोजक्या होत्या आणि वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू होतं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय ही त्या काळातली धाडसं होती. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि तालुक्याच्या गावी मराठी हायस्कूल ही लोकांची पहिल्या काही मागण्यांपैकी एक झाली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा मराठवाड्यातली सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडे आली. म्हणून आजही इथे ‘जिल्हा परिषद हायस्कूल’ किंवा ‘प्रशाला’ अशी पाटी जागोजागी दिसते. सातारा-सांगलीकडच्या माणसाला ती पाटी जरा नवलाचीच वाटते.

लोहा पूर्वी कंधार तालुक्यात होतं. या भागात भाई केशवराव धोंडगे यांच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीनेही शाळांचं जाळं विणलं. संस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घालावा लागला, इतकी इथल्या पालकांची ऐपत तोकडी होती. पुढे शाळा वाढल्या, तुकड्या वाढल्या, शिक्षण हक्क कायद्यानंतर अनेक प्राथमिक शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला. वाढ दिसायला सोपी असते. नवी खोली, नवी भिंत, पटावरचा वाढता आकडा. मूल किती शिकलं हे मात्र खोल्या मोजून कळत नाही.

ते कळण्याच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे खोटे आकडे. नांदेडने हा अडथळा अंगावर घेतला.

डॉ. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना, २०१० च्या बोर्ड परीक्षांपासून जिल्ह्यात कॉपीमुक्त अभियान राबवलं गेलं. त्याआधी परीक्षेच्या दिवसात केंद्राच्या भिंतींवर चढलेली माणसं, खिडकीतून आत जाणाऱ्या चिठ्ठ्या हे दृश्य राज्यातल्या अनेक भागांत नेहमीचं होतं. अभियानात महसूल आणि इतर खात्यांचे कर्मचारी बैठ्या पथकात घेतले गेले. फिरतं भरारी पथक येऊन निघून जातं, बैठं पथक पेपर संपेपर्यंत हलत नाही. फरक एवढाच, पण तो निर्णायक ठरला. निकाल घसरला. पालक चिडले, संस्थाचालक अस्वस्थ झाले. पण त्या घसरलेल्या निकालाने एक मोठं काम केलं. जिल्ह्यातलं दहावी-बारावीचं मूल खरोखर कुठे उभं आहे, हे पहिल्यांदा कागदावर आलं.

पाठोपाठ पटाचा प्रश्न पुढे आला. अनुदान आणि शिक्षकांची पदं पटसंख्येवर ठरतात, त्यामुळे हजेरीपटावर नुसती नावं वाढवण्याचा मोह जुनाच होता. नांदेडमध्ये विद्यार्थ्यांच्या बोटाला निवडणुकीसारखी शाई लावून डोकी मोजली गेली आणि हजारो मुलं फक्त कागदावरच असल्याचं उघड झालं. मग राज्य सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या महाराष्ट्रात पटपडताळणी केली. सुमारे वीस लाख विद्यार्थी जागेवर सापडले नाहीत. त्यातली काही खरोखर आजारी असतील, काही रानात कामाला गेली असतील. तरीही आकडा हादरवणारा होता.

शाळासुधारणेच्या कोणत्याही चर्चेत हा भाग आधी यायला हवा. ज्या गावात निकाल खोटा आणि पट खोटा, तिथे सुधारणा मोजायची तरी कशाने? अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी कारखानदारांना जे शिकवलं, त्याचा पायाही हाच होता. आधी खरी मोजणी, मग छोटा बदल, मग पुन्हा मोजणी, आणि त्यातून जे कळेल त्यानुसार दुरुस्ती. हे चक्र थांबवायचं नाही. जपानी उद्योग याच वाटेने मोठे झाले आणि नंतर जगभरच्या रुग्णालयांनी, शाळांनी ही रीत उचलली.

आता रस्त्याचं दुसरं टोक. जनार्दन वाघमारे १९७० मध्ये सुरू झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य होते. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा तेच त्याचे पहिले कुलगुरू झाले. लातूरच्या या शाहू महाविद्यालयात आणि दयानंद महाविद्यालयात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जी पद्धत बसत गेली तिला लोकांनी लातूर पॅटर्न म्हटलं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेल्या काळात सराव चाचण्यांची माळ लावायची. उत्तरपत्रिका काळजीपूर्वक तपासायची, ती मुलाच्या हातात द्यायची, चूक कुठे झाली ते दाखवायचं आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली, तशी राज्यभरातून मुलं लातूरला येऊ लागली. आजही नीटच्या तयारीसाठी लेकराला घेऊन लातूरला खोली करून राहणाऱ्या आया लोहा-कंधारच्या गावागावांत भेटतील.

या पद्धतीवर घोकंपट्टीचा आरोप झाला आणि तो सगळा खोटा नाही. ती प्रामुख्याने आधीच हुशार, आधीच निवडून आलेल्या मुलांसाठी होती, हेही खरं. पण तिच्यात एक अस्सल गोष्ट होती, तिच्याकडे टीकाकारांचं लक्ष कमी गेलं. तपासलेली उत्तरपत्रिका मुलाकडे परत जात होती. चाचणीचा शेवट गुणांवर होत नव्हता, चुकीवरच्या बोलण्यावर होत होता. सर्वसाधारण हायस्कूलमध्ये पेपर तपासला, गुण चढवले, गठ्ठा कपाटात गेला, इथेच कारभार आटोपतो. लातूरकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. सरकारी प्रशालेतल्या मधल्या आणि मागच्या बाकावरच्या मुलालाच याची सगळ्यात जास्त गरज आहे.

त्या मुलाची अवस्था काय आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची विचारपूस झाली. देशातल्या २८ जिल्ह्यांत, ३४,७४५ जणांची. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा नांदेड होता. देशभराचं चित्र असं की, जवळपास ८७ टक्के मुलं कुठे ना कुठे शिकत होती, पण या वयोगटातल्या सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं साधं गणित फक्त ४३ टक्क्यांना जमलं. हे वय नववी ते बारावीचं. म्हणजे मूल शाळेत आहे, पुस्तक पुढ्यात आहे, आणि त्या पुस्तकापर्यंत पोचायची शिडी मधेच तुटलेली आहे.

नववी हा इथला कळीचा वर्ग. आठवीपर्यंत मूल बहुतेकदा वरच्या वर्गात सरकत येतं. दहावीला बोर्ड. शाळेची अब्रू दहावीच्या निकालावर, म्हणून कच्चं मूल नववीतच अडवायचं किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे बाहेरून परीक्षा दे, असं सुचवायचं, ही पळवाट शिक्षणाच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल शंभर टक्के लागतो, फलक झळकतो, आणि गळालेल्या मुलांचा हिशेब कोणत्याच फलकावर येत नाही. आठवीच्या जूनमध्ये पटावर असलेल्यांपैकी किती जण तीन वर्षांनी दहावी उत्तीर्ण झाले, हा आकडा प्रत्येक प्रशालेने काढला पाहिजे. जनरल रजिस्टर आणि निकालपत्रक शेजारी ठेवून तो एका दुपारी निघतो.

सुधारणेचं चक्र प्रत्यक्षात कसं दिसेल? समजा नववीच्या गणिताच्या चाचणीत निम्म्या वर्गाने समीकरणं चुकवली. शिक्षक वह्या उघडून बसले तर दिसेल की समीकरण कळलेलं आहे, पण ऋण संख्यांच्या वजाबाकीत बहुतेकांचा पाय घसरतो आहे. ही खालच्या वर्गातली फट आहे. मग पुढचे दोन आठवडे परिपाठानंतरची दहा मिनिटं फक्त तेवढ्यासाठी ठेवायची, संख्यारेषा जमिनीवर आखून मुलांना तिच्यावर चालवायचं आणि पंधराव्या दिवशी तशाच पाच उदाहरणांची चाचणी घ्यायची. फरक पडला तर शेजारच्या प्रशालेतल्या गणिताच्या सरांना सांगायचं. नाही पडला तर तेही सांगायचं. एवढंच. याला निधी लागत नाही, पण वेळ आणि मोकळं मन लागतं.

जपानमधल्या शाळांत शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलं काय करताहेत ते टिपतात, आणि नंतर सगळे मिळून तो पाठ दुरुस्त करतात. आपल्याकडे केंद्रप्रमुखाच्या पुढाकाराने दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, तिचा मूळ हेतू याच्या अगदी जवळचा आहे. अडचण अशी की ती बहुतेक प्राथमिक शिक्षकांभोवती फिरते, आणि अनेकदा परिपत्रकं वाचून दाखवण्यात संपते. हायस्कूलमध्ये गणिताचे किंवा इंग्रजीचे शिक्षक बहुधा एक-दोनच असतात. त्यांना बोलायला सहकारी मिळायचा तर शेजारच्या गावाच्या प्रशालेतच. तालुक्यातल्या एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा मुलांच्या खऱ्या वह्या घेऊन बसावं, यासारखा दुसरा स्वस्त आणि कसदार उपाय सध्या तरी दिसत नाही.

सुधारणा पसरते ती शिक्षकांनी शिक्षकांकडे पाहून, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. सरकारने २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला आणि राज्यभरचे शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. परत आल्यावर कुणी मुलांना विचार करायला मोकळीक दिली. कुणी फक्त फरशीवर रंगीत तक्ते रंगवून घेतले. रंग पाहुण्याच्या नजरेत लगेच भरतो, मुलाच्या डोक्यातला बदल तसा दिसत नाही, त्यामुळे दुसराच प्रकार जास्त पसरला.

दरम्यान मोजमापाची चौकट फुगत गेली. २०१५ मध्ये ‘शाळासिद्धी’ आली, सात क्षेत्रं आणि ४६ मानकं घेऊन. आता शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखड्यात शंभराहून अधिक मानकं आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा ऑनलाइन चढवायचा आहे. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची मुलं तपासली गेली. यातल्या प्रत्येक गोष्टीमागचा विचार चांगला आहे. पण एकाच मुख्याध्यापकाने यू-डायसवर शाळेची माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीचं काम करायचं, रिक्त पदावरच्या विषयाचा तासही घ्यायचा आणि मग शंभर मानकांचे फोटो चढवायचे, तर वह्या उघडून बसायला त्याला उसंत कुठली? शेरेबुकात अधिकारी येऊन ‘गुणवत्ता वाढवावी’ असा शेरा मारून जातात. त्याऐवजी ‘मागच्या भेटीत नववीच्या सहा मुलांना भागाकार येत नव्हता, आज चौघांना आला’ असं लिहिलं गेलं, तर पुढच्या भेटीला अर्थ येईल. शेरेबुक जुनंच, फक्त त्यात काय लिहायचं ते बदलायला हवं.

आणि लोह्यासारख्या तालुक्यात सुधारणेचं कोणतंही वेळापत्रक उसाला विचारल्याशिवाय आखता येत नाही. लोहा, कंधार, मुखेड, जळकोट हा बालाघाटच्या डोंगराळ, कोरडवाहू रानाचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नेमके दुसऱ्या सत्राचे, चाचण्यांचे, बोर्डाचे महिने. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे गावात राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. पण आठवी-नववीतली मुलगी बहुतेकदा टोळीबरोबर जाते, कारण कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळणारं कुणी लागतं. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे, पण तो गावात थांबलेल्या मुलीच्याच उपयोगाचा.

म्हणून इथल्या प्रशालेने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातच यादी करायला हवी. कोणत्या घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्या घरातलं कोण नववी-दहावीत आहे, त्याला गावात ठेवून घेणारं नात्यातलं घर कोणतं. वर्गशिक्षकाने दिवाळीच्या सुट्टीआधी त्या घरी जायचं. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीच्या शेवटी यादीतल्या प्रत्येक नावापुढे हजर की गैरहजर एवढंच लिहायचं, आणि ती यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत निकालाच्या टक्केवारीआधी वाचायची. पुढच्या वर्षी तीच यादी नव्या यादीशेजारी ठेवली की दिसेल, घरोघरच्या भेटींनी किती मुली थांबल्या, कोणत्या तांड्यावर काहीच उपयोग झाला नाही, आणि तिथे पुढच्या ऑक्टोबरमध्ये वेगळं काय करायचं.