विश्लेषण : मलेरियाची झटपट चाचणी गावात पोहोचली, ती करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काय?

गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात तापाच्या रुग्णाची मलेरिया चाचणी अनेकदा आशा कार्यकर्तीच करते. बोटातून रक्ताचा थेंब, त्यावर द्रावण आणि पंधरा-वीस मिनिटांत निकाल. सूक्ष्मदर्शक लागत नाही. काम सोपे दिसते, म्हणूनच प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष होते.

चूक कुठे होते?

रक्त कमी-जास्त पडते, द्रावणाचे थेंब मोजले जात नाहीत, निकाल घाईने किंवा फार उशिरा वाचला जातो. नियंत्रण रेषा उमटली नाही तर चाचणी बाद. ती ‘निगेटिव्ह’ नव्हे. फाल्सिपेरम मलेरियात हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

प्रशिक्षणाने किती फरक पडतो?

झांबियातील गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. केवळ पाकिटातील सूचना वाचणाऱ्यांनी चाचणीचे सरासरी ५७ टक्के टप्पे बरोबर केले. सचित्र मार्गदर्शक पत्रक मिळालेल्यांनी ८०, तर पत्रकासह तीन तासांचे प्रशिक्षण घेतलेल्यांनी ९२ टक्के. तीन तास म्हणजे काही फार मोठा खर्च नव्हे.

मात्र एकदा शिकवून भागत नाही. किटची कंपनी बदलली की थेंबांची संख्या आणि थांबण्याची वेळही बदलू शकते. उपचारानंतरही फाल्सिपेरमची रेषा काही आठवडे उमटू शकते. तेव्हा औषध पुन्हा द्यायचे का? उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात किट ठेवायचे कुठे? असे प्रश्न विचारायला कार्यकर्तीला फोनवर कुणीतरी जाणकार हवे, आणि तिच्या चाचण्या अधूनमधून प्रत्यक्ष पाहणारा पर्यवेक्षकही.