विश्लेषण : काळी मोहरी आली, तर नवख्याने सुरुवात कशी करावी?

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्ध टायब्रेकमधील निर्णायक डाव तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. नवखे खेळाडू मात्र काळी मोहरी आली की आधीच धास्तावतात. ही भीती घालवायला काय करावे?

काळ्या मोहऱ्यांचे महत्त्व किती?

बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. त्यात रंग शक्यतो आलटून-पालटून मिळतात. म्हणजे नऊ फेऱ्यांत चार-पाच डाव काळ्यांनीच खेळावे लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, वणी किंवा उमरखेडहून नागपूर-अमरावतीला स्पर्धेसाठी जाणाऱ्या मुलाचे जवळपास निम्मे डाव असे असतात. पांढऱ्याला पहिली चाल मिळते, त्यामुळे काळ्याने सुरुवातीला बचाव भक्कम करणे महत्त्वाचे.

पहिले उत्तर कोणते?

पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले (ई-४), तर काळ्यानेही तेच करावे (ई-५). पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे टाकले (डी-४), तर डी-५ खेळावे. पुढे सी-४ आले, तर ई-६ खेळून मधल्या प्याद्याला आधार द्यावा. मग घोडे आणि उंट बाहेर काढावेत, लवकर किल्लेकोट करावा. वजीर घाईने बाहेर काढू नये.

चार चालींतली मात कशी टाळावी?

नवख्यांचे अनेक डाव इथेच संपतात. राजाच्या बाजूच्या उंटासमोरचे प्यादे (एफ-७) सुरुवातीला एकट्या राजाच्या राखणीत असते. पांढऱ्याचा वजीर एच-५ वर आला, तर आधी घोडा सी-६ वर आणून ई-५ चे प्यादे राखावे. पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला की जी-६ खेळून वजिराला हुसकावावे. वजीर एफ-३ वर गेला, तर दुसरा घोडा एफ-६ वर आणावा. मात टळते आणि पांढऱ्याच्या वजिराची धावपळ वाया जाते.

सिसिलियन का नको?

ई-४ ला सी-५ हे उत्तर, म्हणजे सिसिलियन बचाव, ग्रँडमास्टरांचे आवडते आहे. पण त्यात फाटे फार आणि पाठांतरही फार. काही महिन्यांच्या सरावानंतर बदल हवा असेल, तर ई-४ ला कारो-कान आणि डी-४ ला स्लाव्ह ही जोडी सोयीची. दोन्हींत सी-६ आणि डी-५ अशी प्याद्यांची रचना असल्याने एकाचा अभ्यास दुसऱ्याला उपयोगी पडतो.

‘इंडियन’ बचाव कुठून आले?

देशी नियमांत प्यादे सहसा एकच घर सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन यांच्याशी खेळताना जी-६ करून उंट कोपऱ्यातून रोखत. अशा खेळींवरूनच ‘इंडियन’ हे नाव रूढ झाले. किंग्ज इंडियन आजही खेळला जातो; पण त्यात काळा मधली जागा आधी सोडतो आणि नंतर तिच्यावर हल्ला चढवतो. नवख्याला हे जड जाते.

सराव कसा करावा?

निवडलेली दोन उत्तरे किमान वीस-पंचवीस डावांत खेळावीत. लिचेस या मोफत ॲपवर हरलेला डाव उघडून पहिल्या दहा चाली तपासाव्यात. एका पराभवाने बचाव बदलू नये. नेमकी कोणती चाल चुकली, ते आधी शोधावे.