सदोबा पाटलांची मुंबई

१८८८च्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपालटीची घडी बसविताना इंग्रज सरकारने अंमलबजावणीची सारी मुखत्यारी आपण नेमलेल्या कमिशनराच्या हाती ठेवली आणि लोकनियुक्त सभासदांच्या वाट्यास अंदाजपत्रकाची मंजुरी, प्रश्नोत्तरे व वादविवाद एवढेच येऊ दिले. १९३१ साली त्यांच्या अध्यक्षास महापौर ही भारदस्त पदवी लाभली खरी. परंतु तेवढ्याने कमिशनराच्या दप्तरातील एकही कागद महापौराच्या मेजावर सरकला नाही. अशा या शोभेच्या आसनावर १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे बसलेले सदाशिव कान्होजी ऊर्फ सदोबा पाटील मात्र मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणविले गेले, आणि त्या बिरुदात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

तळकोकणातून आलेल्या आणि असहकाराच्या लाटेत शिक्षणास रामराम ठोकलेल्या या माणसाचे खरे संस्थान महापालिकेत नव्हते. ते मुंबई प्रदेश काँग्रेस समितीत होते. तेथे ते प्रथम दीर्घकाळ चिटणीस व पुढे अध्यक्ष होते. नागपूरच्या अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषावार प्रांत पाडले, तेव्हा मुंबई शहर महाराष्ट्राच्या समितीतही घातले नाही की गुजरातच्याही नाही. त्याचा स्वतंत्र प्रांत केला. मुंबई ही कोणाचीच नव्हे, तर स्वयंभू आहे, ही सदोबांची धारणा पुढे अनेकांना केवळ भांडवलदारांची तरफदारी वाटली. परंतु पक्षाच्या ज्या चौकटीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, तिचीच ती शिकवण होती, असे मला वाटते. शेठसावकार, गिरणीमालक आणि बाजारपेठा यांच्याकडून पक्षाच्या खजिन्यात निधी आणण्याच्या कामी त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि ज्याच्या हाती खजिना व उमेदवारी, त्याला कमिशनराच्या मुखत्यारीचा हेवा वाटण्याचे कारणच काय?

त्यांच्या महापौरपदाच्या काळात शहराचा देह मात्र झपाट्याने पालटत होता. १९४८ साली प्रौढ मतदानाने प्रथमच निवडणूक झाली होती. १९५०मध्ये हद्द वाढून उपनगरांचा मोठा भाग महापालिकेत आला. कोट आणि काळबादेवीच्या पेढ्यांवरून दिसणारी मुंबई आणि परळ-लालबागच्या चाळींतून दिसणारी मुंबई यांतील अंतर या विस्ताराने कमी झाले नाही, आणि सदोबांची दृष्टी बहुधा पहिलीवरच खिळलेली राहिली.

त्याचे प्रत्यंतर चौपाटीवर आले. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुख्यमंत्री मोरारजी देसाईंसमवेत, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीविरुद्ध बोलावयास ते उभे राहिले, तेव्हा संतप्त समुदायाने ती सभा उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, आणि हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. आश्चर्य असे, की १९५७च्या लोकसभा निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वादळात काँग्रेसचे भलेभले उन्मळून पडले आणि मध्य मुंबईतून कम्युनिस्ट पुढारी डांगे निवडून आले, तरी दक्षिण मुंबईने सदोबांना तारले. महापालिका मात्र त्यांच्या पक्षाच्या हातून गेली. १९५८ साली तेथे कम्युनिस्ट मिरजकर महापौर झाले.

दिल्लीतील त्यांचा कारभार येथे धावताच सांगतो. अन्नमंत्री या नात्याने १९६० साली त्यांनी अमेरिकेशी १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ यांचा चार वर्षांचा करार केला. १९६३मध्ये, ज्येष्ठ मंत्र्यांनी पदे सोडून पक्षकार्यास लागावे अशा कामराज योजनेत, मंत्रिपद सोडले, आणि वर्षभरातच रेल्वेमंत्री होऊन ते परतले.

१९६७ साली त्याच दक्षिण मुंबईत, ज्या मतदारसंघाची जहागीर बिनघोर आहे असे त्यांचे अनुयायी समजत होते, तेथे कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना सुमारे २९ हजार मतांनी पाडले. भूतपूर्व महापौरास पुन्हा लोकसभेत जावयाचे झाले तेव्हा मुंबईत जागा उरली नव्हती. १९६९च्या पोटनिवडणुकीत गुजरातमधील बनासकांठा मतदारसंघाने त्यांना निवडून दिले.