ताप उतरला की उतरवला?

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकीची सकाळची शाळा होती. पहाटे कपाळाला हात लावला तर अंग गरम. सहा वाजता पॅरासिटामॉलचे औषध पाजले. रिक्षा येईपर्यंत अंग निवले आणि मी तिला पाठवले. तिला पूर्ण हजेरीचे बक्षीस हवे होते. मला कामावर वेळेत पोहोचायचे होते. खरे सांगायचे तर दुसरे कारणच मोठे होते.

अकरा वाजता शाळेतून निरोप आला. आमची अम्मी जाऊन तिला घेऊन आली. संध्याकाळी मला एवढेच म्हणाली, "अरे, ताप उतरला नव्हता. तू उतरवला होतास."

डॉक्टर सांगतात ते यापेक्षा वेगळे नाही. या औषधाचा असर चार ते सहा तास राहतो. आजार तिथेच असतो. म्हणून औषध न देता 24 तास ताप आला नाही, तरच शाळा. हाताच्या अंदाजावर विसंबू नये, घरात थर्मामीटर ठेवावा. 100.4 अंश किंवा जास्त म्हणजे ताप.

नुसते नाक वाहते आहे, पण मूल खेळते, जेवते, तर खुशाल पाठवावे. उलट्या-जुलाब थांबल्यावर निदान एक दिवस जाऊ द्यावा. दोन दिवस थांबणे अधिक चांगले. गोवराचे पुरळ उठल्यावर चार दिवस घरी. कांजिण्यांत शेवटच्या फोडावरही खपली धरेपर्यंत घरीच. त्या तर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. म्हणून शाळेला लगेच कळवावे. वर्गावरच्या बाई गरोदर असतील तर त्यांना हे वेळेवर समजायला हवे. आणि मूल पाणीही घेत नसेल, धापा टाकत असेल, सुस्त पडून असेल, तर प्रश्न शाळेचा उरत नाही. तडक दवाखाना गाठावा.

हे नियम कठीण नाहीत. कठीण असते ते घरी कोण थांबणार, हे ठरवणे. ज्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, त्याला दोष देण्याचा धीर मला होत नाही. अशा घरी शेजारच्या मावशी, खाला, आजी कामी येतात. आपणही कुणाच्या कामी यावे.

परवा लेकीचा फोन आला. नातवाला ताप, तिला ऑफिस. म्हणाली, "अब्बा, औषध देऊन पाठवू का?"

मी म्हणालो, "औषध दे. पाठवू नकोस. मी येतोय."