माणसं वाढवताय? आधी 'टॉकिंग हेड्स'चा हा लाइव्ह अल्बम ऐका



"ताई, धंदा वाढतोय, माणसं किती ठेवू?" हा प्रश्न मला सारखा येतो. आज उत्तर एका बँडच्या रेकॉर्डमधून देते.

'टॉकिंग हेड्स' हा बँड १९७५ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला. पंक रॉकच्या सोबतीनं आलेल्या 'न्यू वेव्ह' संगीतातलं हे मोठं नाव. डेव्हिड बर्न, क्रिस फ्रँट्झ आणि टिना वेमथ हे सुरुवातीचे तिघं. १९७७ मध्ये जेरी हॅरिसन आला आणि चौघं झाले. १९८२ मध्ये त्यांनी 'द नेम ऑफ धिस बँड इज टॉकिंग हेड्स' हा दोन रेकॉर्डचा लाइव्ह अल्बम काढला. लोक त्यांच्या नावाआधी उगाच 'द' लावायचे, म्हणून नावातच खुलासा करून टाकला!

यातली गाणी काळाच्या क्रमानं लावली आहेत. म्हणजे बँड कसा वाढला, ते कानांनी कळतं.

टप्पा १ : १९७७. पहिल्या बाजूला फक्त चौघं. दोन गिटार (हॅरिसन मधूनच कीबोर्डवर), बेस आणि ड्रम. आवाज सुटसुटीत, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं.

टप्पा २ : १९७९. माणसं तीच चार. पण तोवर तीन अल्बम झालेले, हात बसलेला. आवाज जास्त भरीव वाटतो. इथे थांबून विचार करा : वाढ झाली, पण एकही माणूस न वाढवता.

टप्पा ३ : १९८०-८१. दुसरी रेकॉर्ड लावली की एकदम जत्रा! १९८० च्या 'रिमेन इन लाइट' अल्बमसाठी त्यांनी स्टुडिओत आवाजावर आवाज चढवले होते. ते स्टेजवर चार जणांच्या हातात मावणारं नव्हतं. म्हणून आणखी माणसं घेतली आणि बँड नऊ-दहा जणांचा झाला. गिटारला एड्रियन बेल्यू, कीबोर्डला बर्नी वॉरेल, शिवाय दुसरा बेस, तालवाद्यं आणि मागचे गाणारे आवाज.

शेवटचं गाणं 'टेक मी टू द रिव्हर' नक्की ऐका. मूळ गाणं अल ग्रीनचं. १९७८ च्या अल्बमवर ते या चौघांनी वाजवलंय, इथे मोठ्या टीमनं. दोन्ही लागोपाठ लावा, फरक लगेच कळेल.

आता माझी चूक सांगते. दुकानाच्या दुसऱ्या दिवाळीत गर्दी बघून मी एकदम तीन मुलं ठेवली. कोणाला कुठलं काम, ते ठरवलंच नव्हतं. तिघंही काउंटरला उभी. आत माल लावायला आणि बिलं तपासायला मीच! सण संपला, पगार दिले, तर हातात आदल्या वर्षीपेक्षा कमी उरलं. चूक मुलांची नव्हती. मी गर्दी मोजली, काम मोजलं नाही.

या बँडनं उलट केलं. आधी काम तयार झालं, मग त्यात कुठले हात कमी पडतात ते दिसलं, आणि तेवढ्याच जागा भरल्या. मूळ चौघं मात्र आपापल्या जागी राहिले.

म्हणून माणूस ठेवण्याआधी हे तीन प्रश्न वहीत लिहा :

१. आहे त्याच माणसांचा हात अजून बसायचा आहे का? (टप्पा २ आठवा.)
२. कुठलं काम रोज अडतंय? त्या कामाचं नाव लिहा.
३. नवीन माणूस आल्यावरही कुठलं काम तुम्ही स्वतःच करणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहिता येत नसेल, तर अजून जाहिरात लावू नका.

आणि हो, सुरुवातीच्या साध्या दिवसांचे फोटो, पहिलं बिलबुक जपून ठेवा. या बँडनं आपली पहिली बाजू लपवली नाही, सगळ्यात आधी लावली.

तुमचं अडणारं काम कुठलं? कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!